न पाहिलेल्या मित्राचा शोक

आपल्या ख्रिस्ती समाजात मृत्यूनंतर काय करावे याची वाट पूर्वजांनी घालून दिली आहे. निरोप येतो, मंदिराची घंटा वाजते, शेजारपाजारची माणसे घरात जमतात. कोणी चहाचे आधण ठेवते, कोणी पाळकसाहेबांना आणावयास जाते, कोणी शवपेटीची व्यवस्था पाहते. उपासना होते, गीते गाइली जातात आणि कबरस्तानात प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. पुढे काही दिवस त्या घरात चूल पेटवावी लागू नये म्हणून इतरांच्या घरून डबे जातात. या सर्व रीतींचा अर्थ एकच आहे : हे दुःख तुमच्या एकट्याचे नाही, आमच्या साक्षीने आणि आमच्या सोबतीने तुम्ही ते वाहणार आहात.

परंतु वाचकहो, अशा एका मृत्यूची कल्पना करा, की ज्यानंतर यांपैकी काहीच घडत नाही. समजा, इंदूर येथे राहणाऱ्या एका भगिनीची काही वर्षांपूर्वी इंटरनेटवर केरळातील एका बाईशी ओळख झाली. दोघींची मुले एकाच आजाराने पीडित. मुले निजली की रात्री चार ओळींची देवघेव व्हावी, एकीने रडावे, दुसरीने धीर द्यावा, असा नऊ वर्षांचा नित्यक्रम. दोघींची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. एके दिवशी तिकडून येणारे शब्द थांबतात. तीन आठवड्यांनी कोणी भाचा कळवतो, की मावशी गेली. आता इंदूरच्या भगिनीने काय करावे? तिच्या दारी सांत्वनाला कोणी येणार नाही. तिला कामावर रजा मागता येणार नाही. जेवता जेवता तिचे डोळे भरून आले तर घरातलेच कोणी म्हणेल, "अगं, तू तर तिला कधी पाहिलंही नव्हतंस!"

हे वाक्य निष्ठुरपणे उच्चारलेले नसते. किंबहुना ते समजूत घालण्यासाठीच उच्चारलेले असते. तरीही त्यात एक निवाडा दडलेला आहे : जे पाहिले नाही ते खरे नव्हे, आणि जे खरे नव्हे त्याचा शोक करण्याचा अधिकार तुला नाही. हा निवाडा योग्य आहे काय, एवढाच प्रश्न मी या लेखात आपणापुढे ठेवणार आहे. तो केवळ तरुणांचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. आज आपल्या मंडळ्यांतील आजारी, वृद्ध, एकाकी आणि परप्रांतात राहणारी कितीतरी माणसे अशाच अदृश्य मैत्रीच्या आधाराने दिवस काढीत आहेत.

केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली एका ग्रंथाद्वारे शोकाच्या एका विशेष प्रकाराकडे लक्ष वेधले. ज्या दुःखाला समाज मान्यता देत नाही, जे उघडपणे व्यक्त करता येत नाही आणि ज्याला कोणाचा आधार मिळत नाही, असे ते दुःख. मराठीत आपण त्याला 'हक्क नाकारलेला शोक' म्हणू. असा शोक मान्यता न मिळाल्याने नाहीसा होत नाही. त्यात लाजेची भर पडते. दुःख करणारा स्वतःलाच विचारू लागतो, 'माझे काही बिघडले तर नाही ना?'

शाईने जुळलेली मने

प्रत्यक्ष न भेटता मैत्री जुळणे ही इंटरनेटने आणलेली नवलाई आहे असे आपणांस वाटते. मंडळीच्या इतिहासाला मात्र ही गोष्ट फार जुनी आहे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील ऑगस्टीन आणि बेथलेहेमात राहून पवित्र शास्त्राचे लॅटिन भाषांतर करणारा जेरोम हे दोघे आयुष्यात एकदाही भेटले नाहीत. चौथ्या शतकाच्या अखेरीस त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला, आणि मधल्या दीर्घ खंडांसह जेरोमच्या अखेरच्या वर्षांपर्यंत चालला. ऑगस्टीनचा स्नेही अलिपियस बेथलेहेमास जाऊन आला होता. त्याच्या डोळ्यांनी आपणही जेरोमला पाहिले, अशा आशयाचे ऑगस्टीनने लिहिले आहे.

ही मैत्री सरळ वाटेने गेली नाही. ऑगस्टीनचे एक टीकात्मक पत्र जेरोमच्या हाती पडण्याआधीच रोमेत आणि इतरत्र लोक वाचू लागले, आणि जेरोम दुखावला. आजच्या खाजगी निरोपांचे जे होते तेच! योनाच्या पुस्तकातील वेल दुधी-भोपळ्याचा म्हणावा की आयव्हीचा, यावरही त्यांचा वाद झाला. ओएया नावाच्या नगरात जेरोमचे नवे भाषांतर वाचले गेले. कानांच्या सवयीचा शब्द गेला म्हणून तेथील मंडळीत मोठी गडबड उडाली आणि बिशपला आपला कळप गमावण्याची वेळ आली. हे ऑगस्टीनने जेरोमला कळविले. ज्यांनी शास्त्राच्या भाषांतराचे काम केले आहे ते हा प्रसंग वाचून हसतील आणि सुस्कारा टाकतील. मला त्यातून एवढेच सांगावयाचे आहे, की रुसवे, वाद, क्षमा, आदर, एकमेकांची सुधारणा हे मैत्रीचे सर्व व्यवहार त्या दोघांनी केवळ शाईवर पार पाडले. त्यांच्यात नाते नव्हते असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

त्याहीपूर्वी प्रेषित पौलाचे उदाहरण आहे. कलस्सै व लावदिकीया येथील ज्या लोकांनी पौलाचे मुख प्रत्यक्ष पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी आपण केवढे श्रम करीत आहोत हे त्यांना कळावे अशी इच्छा तो कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात व्यक्त करतो. तेथे त्याने योजलेला मूळ ग्रीक शब्द 'अगोन' हा आहे. आखाड्यातील झुंजीसाठी तो वापरला जाई. न पाहिलेल्या माणसांसाठी पौल झुंजत होता. एपफ्रास या समान स्नेह्याने त्यांची हकीकत सांगितली आणि तेवढ्यावर पौलाच्या अंतःकरणात त्यांना जागा मिळाली.

थेस्सलनीका येथील मंडळीला तो भेटला होता, पण छळामुळे त्याला ते नगर लवकर सोडावे लागले. त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात या ताटातुटीसाठी त्याने जे क्रियापद वापरले आहे त्याच्या पोटात 'ऑर्फनॉस' म्हणजे 'पोरका' हा शब्द आहे. मराठीत 'वियोग', 'वेगळे होणे' असे काही म्हणून आपण अर्थ पोचवतो, परंतु 'पोरके होणे' यातली कळ त्यात उतरत नाही. त्याच ओळीत पौल स्पष्ट करतो, की ही ताटातूट मुखापुरती आहे, अंतःकरणाची नव्हे. मुखाची जवळीक आणि अंतःकरणाची जवळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक नसताना दुसरी असू शकते, हे प्रेषिताला ठाऊक होते.

पोटात तुटणे

येथे स्वतःविषयी थोडे लिहिण्याची परवानगी घेतो. दुसऱ्या एका राज्यात, दुसऱ्या एका भाषेत शास्त्राचे भाषांतर करणारे एक वडीलधारे गृहस्थ अकरा वर्षे माझे मित्र होते. आमचा सर्व व्यवहार ई-मेलवर. त्यांची उंची किती, आवाज कसा, हे मला आजही ठाऊक नाही. मात्र पहाटे चारला उठून ते लिहीत, वाद जिंकला की हमखास क्षमा मागत, आणि प्रत्येक निरोपाला एक ताजा कलम जोडत, हे मला ठाऊक होते. येशूला लोकसमुदाय पाहून कळवळा आला असे जेथे शुभवर्तमानात आहे तेथील ग्रीक क्रियापदावर आम्ही तीन महिने लिहीत होतो. त्या शब्दाचे मूळ 'आतडी' हे आहे. त्यांच्या भाषेत दया यकृतात राहते. मी त्यांना लिहिले, की आमच्याकडे आईची आतडी पिळवटतात, माणसाच्या पोटात तुटते. 'कळवळा' हा शब्दही कळ उठल्यावाचून पुरा होत नाही.

पुढे त्यांच्या पत्त्यावरून त्यांच्या पुतण्याचा निरोप आला. तो वाचताना माझ्या पोटात जे तुटले ते अगदी शब्दशः होते. दोन दिवस अन्न गोड लागले नाही. तेव्हा मला एक गोष्ट उमगली व ती या प्रश्नाच्या गाभ्याशी आहे. आमच्या मैत्रीत देह कधी आला नव्हता. शोक मात्र देहाला झाला. ज्याला केवळ 'पडद्यावरची अक्षरे' म्हणून बाजूला सारता येते, असे काही देहाला असे हलवू शकत नाही. कल्पित कथेतील पात्र मेले तर आपण हळहळतो, पण दुसऱ्या दिवशी त्याला पत्र लिहावयास बसत नाही. मी मात्र बसलो होतो.

ऑगस्टीनने आपल्या 'कबुलीजबाबा'च्या चौथ्या भागात तारुण्यातील एका मित्राच्या मृत्यूचे वर्णन केले आहे. ज्या ज्या ठिकाणी ते दोघे एकत्र वावरले ती सर्व ठिकाणे त्याला छळू लागली. डोळे मित्राला सर्वत्र शोधू लागले. अखेर त्याने ते गाव सोडले. न पाहिलेल्या मित्राचा शोक करणाऱ्याला सोडण्यासारखे गाव नसते. त्याचे छळणारे ठिकाण त्याच्या खिशातच असते. निरोप आल्याचा तो बारीकसा आवाज, नावापुढे एकदा दिसणारा आणि आता न दिसणारा हिरवा ठिपका, वर सरकवीत गेले तर वर्षानुवर्षे मागे जाणारे संभाषण. त्या संभाषणाच्या तळाशी त्याचे स्वतःचे शेवटचे वाक्य उत्तरावाचून तसेच उभे असते.

आईवडिलांनाही न दिसलेला मुलगा

हा प्रश्न जगापुढे अतिशय स्पष्टपणे आला तो नॉर्वे देशातील मॅट्स स्टीन या तरुणामुळे. स्नायू हळूहळू निकामी करणारा डूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा आजार त्याला जन्मतःच होता. लहानपणीच चाकांची खुर्ची आली, पुढे श्वासासाठी यंत्र आले. आयुष्याची शेवटची वर्षे त्याने बहुतांशी संगणकापुढे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाच्या खेळात घालविली. या खेळात निरनिराळ्या देशांतील माणसे एका काल्पनिक जगात पात्रे होऊन वावरतात, बोलतात, गट करतात. २०१४ सालच्या नोव्हेंबर महिन्यात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, मॅट्स मरण पावला. त्याच्या आईवडिलांना त्याच्या मृत्यूएवढेच दुःख या गोष्टीचे होते, की आपल्या मुलाला मैत्री, प्रेम, कोणाच्या उपयोगी पडण्याचे समाधान, यांपैकी काहीच लाभले नाही.

मॅट्स इंटरनेटवर एक रोजनिशी लिहीत असे. तेथे वडिलांनी मुलाच्या निधनाची वार्ता लिहिली आणि आपला पत्ता दिला. उत्तरे येऊ लागली. एकामागून एक, निरनिराळ्या देशांतून. त्या खेळात मॅट्स 'इबेलिन' या नावाने वावरत असे, आणि त्याच्या गटातील माणसांना तो धीर देणारा, ऐकून घेणारा मित्र होता. नेदरलँड्समधील एका मुलीचा खेळ तिच्या आईवडिलांनी बंद केला तेव्हा त्याने तिच्यासाठी त्यांना पत्र लिहिले होते. एका आईचा मुलाशी संवाद तुटला होता; त्या मायलेकरांना एकमेकांशी बोलण्याची वाट इबेलिनने दाखविली होती. गटातील काही जण परदेशांतून प्रवास करून अंत्यविधीस हजर राहिले. बेंजामिन री या दिग्दर्शकाने या जीवनावर काढलेला माहितीपट २०२४ साली प्रदर्शित झाला आणि ही हकीकत जगभर पोचली.

वाचकहो, या हकीकतीतील मर्म कोठे आहे? ज्यांनी मॅट्सला रोज पाहिले, उचलले, अंघोळ घातली, त्यांना त्याच्या जीवनाचा अर्धा भाग ठाऊक नव्हता. ज्यांना तो भाग ठाऊक होता त्यांना त्याची खुर्ची बराच काळ ठाऊक नव्हती. आईवडिलांजवळ त्याचा देह होता, मित्रांजवळ त्याचे शब्द होते. त्या अंत्यविधीच्या दिवशी दोन अर्धी एकत्र आली. त्या परदेशी मित्रांना जर कोणी म्हटले असते, की 'तुम्ही तर त्याला पाहिलेही नाही, तुमचा शोक कसला?' तर हानी केवळ मित्रांची झाली नसती. आईवडिलांनीही आपला मुलगा अर्धाच पुरला असता.

आक्षेपांचा विचार

या भूमिकेवर जे आक्षेप घेतले जातात ते पोकळ नाहीत. त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की पडद्याआडचे माणूस आपल्याला खरोखर कळतच नाही. ते आपली निवडक बाजू दाखविते. हे खरे आहे. परंतु समोर बसलेले माणूस सर्व बाजू दाखविते काय? यहूदा इस्कार्योत तीन वर्षे प्रभूबरोबर चालला, त्याच ताटात हात घालून जेवला, आणि ज्या खुणेने त्याने विश्वासघात केला ती खूण चुंबनाची होती. त्याहून अधिक जवळचे काय असणार? तरीही बाकीच्या अकरा जणांना त्याच्या मनाचा थांग नव्हता. मुखाने मनाची हमी मिळत नाही. ज्या माणसाला जगात वावरताना खुर्ची, कुबडी, तोतरेपणा किंवा जात आडवी येते, ते तर पडद्याआडच अधिक मोकळे होते, हेही आपण पाहतो.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. २००१ साली अमेरिकेत केसी निकोल या नावाने एक तरुण मुलगी रक्ताच्या कर्करोगाशी चाललेली आपली झुंज इंटरनेटवर लिहीत होती. मे महिन्यात तिच्या मृत्यूची बातमी आली आणि असंख्य लोकांनी शोक केला. काही दिवसांतच उघड झाले, की अशी मुलगी अस्तित्वातच नव्हती. एका प्रौढ स्त्रीने ती रचली होती. मग त्या लोकांचे अश्रू खोटे होते काय? मला वाटते, अश्रू खरे होते. खोटे होते ते ज्याच्यासाठी ढाळले गेले ते नाव. याकोबाने रक्ताने माखलेला झगा पाहून जिवंत योसेफासाठी शोक केला. त्याच्या मुलांनी त्याला फसविले, पण म्हणून त्याचे प्रेम खोटे ठरले नाही. पाप फसविणाऱ्याच्या पदरी पडते. प्रीती करणाऱ्याने सावध असावे हे शहाणपण. पण फसविले जाण्याच्या भयाने प्रीतीच करू नये, हे शहाणपण नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो आपल्या विश्वासातूनच निघतो. शब्द देही झाला, असे आपण मानतो. देवाने आपल्याला केवळ पत्र धाडले नाही. तो स्वतः आला, थकला, जेवला, कुष्ठरोग्याला हात लावून त्याने बरे केले. येशू देहाने आलाच नाही, तो केवळ देहधारी भासला, असे म्हणणाऱ्यांचा योहानाने आपल्या पहिल्या पत्रात कडक निषेध केला. मग देहावाचूनची मैत्री ही देहाला तुच्छ लेखण्याचीच एक रीत नाही काय? दूरच्या मित्राला रात्री दोन तास देणारा माणूस शेजारच्या खोलीतील म्हाताऱ्या आईला दहा मिनिटे देतो काय?

या आक्षेपापुढे मी नम्र होतो. जो कोणी पडद्यावरच्या मित्रांसाठी घरच्यांना अंतरतो, त्याने हा प्रश्न स्वतःला विचारावा. ॲरिस्टॉटलनेही आपल्या नीतिशास्त्रात म्हटले आहे, की अंतरामुळे मैत्री मोडत नाही, तिचा व्यवहार थांबतो. परंतु दुरावा फार लांबला तर मैत्रीही विस्मरणात जाते. एकत्र मीठ खाल्ल्यावाचून माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, या जुन्या म्हणीची आठवणही तो करून देतो. तो हे लिहीत होता तेव्हा दूरदेशीच्या मित्राला रोज रात्री उत्तर देता येत नव्हते, हे मात्र लक्षात घ्यावे. त्याच्या काळी अंतर व्यवहार थांबवीत असे. आज ते थांबवीत नाही.

आणि योहानाचेच आणखी एक वचन पाहा. दुसऱ्या व तिसऱ्या पत्रांच्या शेवटी तो लिहितो, की पुष्कळ सांगावयाचे आहे पण ते शाईने नको. आपण प्रत्यक्ष भेटून बोलू. तेथील ग्रीक शब्दप्रयोगाचा अक्षरशः अर्थ 'तोंडाला तोंड' असा आहे. दुसऱ्या पत्रात तो पुढे म्हणतो, की त्या भेटीने आनंद पूर्ण होईल. यातील 'पूर्ण' हा शब्द मला मोलाचा वाटतो. पत्राने मिळणारा आनंद खोटा आहे असे योहान म्हणत नाही. तसे असते तर त्याने पत्र लिहिलेच नसते. तो आनंद अपुरा आहे, एवढेच तो म्हणतो. खोटे आणि अपुरे यांतला हा भेद लक्षात घेतला की आपला प्रश्न सुटू लागतो. न पाहिलेल्या मित्राची मैत्री खरी आहे आणि अपुरी आहे. म्हणूनच तिचा शोक दुहेरी असतो : जे होते ते गेले, आणि जे व्हावयाचे होते ते आता या जगात होणार नाही. ठरवून ठेवलेली भेट, 'पुढच्या नाताळात नक्की' हा वायदा, एकत्र खावयाचे मीठ, हे सारे न घडताच संपले. देहाला तुच्छ लेखणाऱ्याला हे दुसरे दुःख होणारच नाही. ज्याला ते होते, तो न कळत साक्ष देत असतो, की देहाला मोल आहे.

आपण काय करावे?

विचार येथवर आला की कर्तव्य समोर उभे राहते.

ज्याला असा शोक झाला आहे त्याने तो लपवू नये. प्रार्थनासभेत मित्राचे नाव उच्चारावे. थेस्सलनीकाकरांना पौल शोक करू नका असे सांगत नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, असे सांगतो. एपफ्रदीत मरता मरता वाचला तेव्हा, तो गेला असता तर आपल्यावर दुःखावर दुःख आले असते, हे कबूल करण्यात प्रेषिताला कमीपणा वाटला नाही. लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू रडला.

कधी कधी तो मित्र आपल्या विश्वासाचा नसतो, किंवा त्याच्या अंतरीचा विश्वास काय होता हे आपल्याला ठाऊक नसते. त्यावरून त्याच्यासाठी शोक करावा की नाही हे ठरवू नये. अब्राहामाने सदोमासाठी विनवणी करताना सर्व पृथ्वीच्या न्यायाधीशावर न्याय सोपविला. आपणही तेथेच थांबावे. प्रीती करणे आपल्याकडे आहे, निवाडा आपल्याकडे नाही.

मृताच्या घरच्यांना पत्र लिहावे. तो तुमच्याशी कसा वागला, कोणत्या अडचणीत त्याने धीर दिला, हे त्यांना सांगावे. कदाचित त्यांच्या माणसाचा तेवढा भाग त्यांना ठाऊकच नसेल. मात्र येथे विवेक हवा. विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी मृत्यूनंतरही ठेव म्हणूनच राहतात. जे घरच्यांना उजेड देईल ते द्यावे, जे केवळ तुमच्याजवळ ठेवले होते ते ठेवावे. कुटुंबाने जाहीर करण्याआधी मृत्यूची वार्ता आपण पसरवू नये. त्याच मित्राला ओळखणारे आणखी कोणी दूरदूर विखुरलेले असतील तर एक वेळ ठरवून सर्वांनी एकत्र एक स्तोत्र वाचावे. २०२० आणि २०२१ च्या महामारीत आपल्यापैकी कित्येकांनी सख्ख्या नातलगांचा शेवटचा विधी मोबाईलच्या पडद्यावरच पाहिला. तेव्हाचे आपले अश्रू खोटे होते असे कोणी म्हणत नाही.

कुटुंबीयांना एक विनंती आहे. घरातील माणूस गेले की नातेवाइकांची यादी आपण करतो. त्या यादीत त्याच्या मोबाईलमधल्या मित्रांनाही जागा द्यावी. तिकडे कोणी तरी आठवडेच्या आठवडे उत्तराची वाट पाहत असते. आणि आपण जिवंत आहोत तोवर प्रत्येकाने अशा दोन-चार मित्रांची नावे व पत्ते घरातील एका विश्वासू माणसाजवळ लिहून ठेवावेत. मृत्युपत्र करण्याइतकेच हेही प्रीतीचे कर्तव्य आहे.

आणि मंडळीने? मंडळीने ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवावेत. अलीफज, बिल्दद आणि सोफर पुढे पुष्कळ चुकीचे बोलले. पण आरंभी ते त्याच्याजवळ सात दिवस व सात रात्री जमिनीवर नुसते बसून राहिले. त्यांचे दुःख मोठे आहे हे त्यांनी पाहिले आणि ते गप्प राहिले. इंदूरच्या त्या भगिनीला 'तू तिला पाहिले होतेस का' असे विचारण्याऐवजी कोणी 'ती कशी होती?' एवढे विचारले आणि ऐकत बसले, तर तेवढ्याने त्या मृत्यूला घंटा मिळाली, माती मिळाली, साक्षी मिळाले असे होईल.

शेवटी एक गोष्ट सांगून लेखणी खाली ठेवतो. न पाहिलेल्यावर प्रीती करणे हा प्रकार आपल्याला मुळीच अपरिचित नाही. आपला सारा विश्वासच तसा आहे. पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या आरंभी, ज्यांनी ख्रिस्ताला पाहिले नाही तरी जे त्याच्यावर प्रीती करतात, त्यांची वाखाणणी करतो. आपण सर्व त्या पंक्तीत बसलेले आहोत. आपल्यापैकी कोणीही प्रभूचे मुख पाहिलेले नाही. त्याचे शब्द आपल्यापर्यंत आले, आपण उत्तरे दिली, कधी रागावलो, कधी रडलो, आणि तरी कोणी आपल्याला म्हणत नाही, की हे नाते खोटे आहे. मोशेशी परमेश्वर समोरासमोर बोलत असे, जसा मनुष्य आपल्या मित्राशी बोलतो, असे निर्गमाच्या पुस्तकात आहे. आणि पौल करिंथकरांना सांगतो, की आज जे आरशात अंधुक दिसते ते त्या दिवशी समोरासमोर दिसेल. त्या अभिवचनात आपल्या न भेटलेल्या मित्रांसाठीही जागा असेल, अशी माझी आशा आहे. तोवर, वाचकहो, ज्याला तुम्ही पाहिले नाही पण ज्याच्यावर प्रीती केली, त्याच्यासाठी डोळे भरून आले तर ते भरू द्या.